खिम्यातल्या शेंगा

धुळवडीच्या दिवशी सकाळी आठ वाजता बलभीम पाठ फिरवून उभा राहिला आणि एका नावात त्यानं सगळा घोटाळा करून ठेवला.

तेरच्या अलीकडच्या त्या गावात धुळवडीला भावकीचं बोकड एकत्रच असतं. ताडपत्री अंथरायची, सारखे वाटे घालायचे, प्रत्येकात थोडं मांस, थोडी हाडं, काळजाचा एकेक तुकडा. मग एकानं वाट्यांकडं पाठ करायची. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं वाटा उचलायचा आणि घरी जायचं. एकदा नाव पडलं की त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. मटणावरून भावकीत डोकी फुटत नाहीत, ती याच रीतीमुळं.

तुळजाबाईंनी यंदा दोन वाटे सांगितले होते. एरवी त्यांचा एकच असायचा. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली. घरात त्या आणि लेक हर्षाली, आणि हर्षालीचंही दिवाळीनंतर लग्न झालेलं. आज जावयाची पहिली धुळवड. दिग्विजय, हर्षाली आणि व्याही-विहीण, असे चौघे येणार होते. बलभीम त्यांचा चुलत दीर. त्याला त्यांनी तीनदा बजावलं होतं. "व्हय वैनी, हाय ध्यानात," असं तोही तीनदा म्हणाला होता. पण अठरा वर्षांची जिभेची सवय कुठं जाते! त्यानं तुळजाबाईंचं नाव एकदा घेतलं आणि भावकीतल्याच शंभूचं दोनदा. शंभूनं दोन्ही वाटे निमूट उचलले. तो कशाला बोलतोय!

तुळजाबाईंना कळेपर्यंत शंभूच्या घरी मटणाला हळद-मीठ लागून पातेलं चुलीवर चढलं होतं. बलभीम कान धरत दारात आला.

"वैनी, चुकलं माजं. माज्या पातेल्यातलं निम्मं घिऊन येतो."

"नगं भावजी. माज्या लेकीच्या सासरचं पाव्हणं माज्या चुलीवरचंच खातील."

यात नुसता ताठा नव्हता. हर्षालीचे सासरे कृष्णराज यांचं कळंबला आडत दुकान, माणूस बोलका, आणि आपण बोलू त्यावर लोक हसणारच याची त्यांना सवय झालेली. लग्नाच्या पंगतीत ते म्हणाले होते, "खिचडीवाल्या बाईची लेक केली, आता जलमभर खिचडीच!" मांडव हसला. हर्षाली मान खाली घालून ताटातला भात चिवडत राहिली. तुळजाबाई सोळा वर्षं गावच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. दीडशे पोरं त्यांच्या हातचं खाऊन वर्गात बसतात. त्यांना स्वतःची लाज कधी वाटली नव्हती, पण लेकीची ती खाली गेलेली मान त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सासरी अजूनही डाळीत मीठ कमी पडलं की "आईचाच हात" म्हणतात, हे हर्षालीनं एकदा हसत हसत सांगितलं होतं. आईला हसणं कळतं. आज पाहुण्यांपुढं ताट रिकामं दिसलं असतं, तर ते बोल लेकीच्या कपाळी कायमचे बसले असते.

आणि अशात फोन वाजला. हर्षाली दबक्या आवाजात बोलत होती. "आई, मामंजींनी चुलत्यांनाबी घेतलंय. क्रूझर काढलीय. अकरा जण हावोत."

"या की," तुळजाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि मग घाम पुसला.

अकरा माणसं आणि हाडांसकट सव्वा किलोचा एक वाटा. त्या अंगणातल्या बाजेवर बसल्या. वर शेवगा होता, चैताच्या तोंडाचा, शेंगांनी वाकलेला. त्याच्याकडं बघता बघता त्या ताडकन उठल्या आणि आकडी घेऊन शेंगा पाडायला लागल्या.

शाळेतली पोरं भाजीवर रुसलेली असतात. खिचडीतला शेवगा नेमका वेचून ताटाच्या कडेला काढायची. बाईंनी एकदा वैतागून उकडलेल्या शेंगेला शिजलेली घट्ट डाळ थापली आणि तव्यावर भाजून दिली. पोरांनी डाळ खाल्ली, मग आतली शेंग चोखली आणि आणखी मागितली. तेव्हापासून मुख्याध्यापकसुद्धा एखादी शेंग "चवीपुरती" उचलतात. डाळ चिकटते, तर खिमा का चिकटू नये?

मटणाची चूल अंगणातली, भांडी वेगळी. त्यांनी हाडं काढून मोठ्या पातेल्यात रश्शाला टाकली. मांस पाटावर ठेवून सुरीनं इतकं बारीक केलं, की त्याचा लगदा झाला. त्यात लसूण, आलं, काळा मसाला, कोथिंबीर, मांस मऊ पडावं म्हणून कच्च्या पपईचा वाटलेला तुकडा, आणि धरून राहावं म्हणून डाळव्याचं मूठभर पीठ. शेंगांचे बोटभर तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धे शिजवून कोरडे केले. तुकड्याला मधोमध खिमा लपेटायचा, दोन्ही टोकं धरायला मोकळी ठेवायची, वरून कांद्याच्या पातीचा एक वेढा. झालं. एवढं सोपं काम, पण तेच करायला त्या सोळा वर्षं शिकत होत्या. थोडक्यात पुष्कळांचं पोट कसं भरायचं, हे त्यांना कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती.

साडेअकराला क्रूझर दारात आली तेव्हा परातीत एकोणसत्तर तुकडे मांडलेले होते. कृष्णराज उतरले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "काय ईहीणबाई, आज बी खिचडीच का?"

चुलते हसले. हर्षाली हसली नाही. तुळजाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि तवा चढवला.

खिमा तेलात पडला आणि वास अंगणभर झाला. पाहुण्यांच्या माना चुलीकडं वळल्या. पहिली ताटली जावयापुढं गेली, दुसरी व्याह्यांपुढं. कृष्णराजांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "ह्ये काय, काडीला मटण?"

"दोन्ही टोकं धरा, मदलं खावा. मग शेंग चोखा," तुळजाबाई म्हणाल्या. पोरांना सांगतात त्याच आवाजात.

त्यांनी खाल्लं. मटणाचा सगळा रस शेंगेत उतरला होता. शेंग चोखताना त्यांचे डोळे मिटले, आणि जो माणूस कधी गप्प बसत नाही तो सात तुकडे होईपर्यंत बोलला नाही. चुलत्यांच्या ताटांशेजारी चोथ्याचे ढीग झाले. मागून हाडांचा झणझणीत रस्सा आणि गरम भाकरी आली. परातीतही तुकडे उरलेले होते. बलभीम कुंपणापाशी घुटमळत होता. त्यालाही ताटली मिळाली. चूक त्याची असली तरी नाक त्याचंही होतंच.

शेवटी कृष्णराजांनी बोटं चाटत विचारलं, "ईहीणबाई, कळंबात म्या असलं कुठंच खाल्लं न्हाय. कुणी शिकवलं तुमाला?"

"शाळंतल्या पोरांनी," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमी म्हणता ती खिचडीवालीच हाय म्या. दीडशे पोरं रोज पोटभर जेवत्यात माज्या हातचं. आज तुमी अकरा जण एका वाट्यात जेवलाव."

एका वाट्यात! कृष्णराजांनी बलभीमकडं पाहिलं. बलभीमनं मान डोलवून सगळी कहाणी सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. कृष्णराजांनी ताट बाजूला सारलं.

"मांडवात म्या वंगाळ बोललो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "हर्षाली, घरी गेल्यावर डाळीला कुणी नावं ठिवली तर मला सांग."

हर्षालीची मान वर होती. तिनं आईच्या हातातलं उलथणं घेतलं आणि उरलेले तुकडे स्वतः भाजायला बसली. तुळजाबाईंना इतका आनंद झाला, की चुलीच्या धुराचं निमित्त करून त्यांना डोळे पुसावे लागले.

पुढच्या वर्षी धुळवडीच्या आदल्या दिवशी कृष्णराजांचा फोन आला. वीस जण येताहेत म्हणाले. ही बातमी भावकीत पोचायला वेळ लागला नाही. सकाळी ताडपत्रीवर वाटे पडले. बलभीम पाठ फिरवून उभा राहिला.

"ह्यो कुणाचा?"

"तुळजावैनीचा."

"आन् ह्यो?"

"तुळजावैनीचा."

"बलभीमा, पुन्हा चुकतूस का काय?" शंभू ओरडला.

"आवंदा न्हाय चुकत," बलभीम पाठमोराच म्हणाला. "समदेच वाटे वैनीच्या परातीत घाला. आन् शंभू, तू आकडी घे, शेंगा पाडायला चल."