ओंकाररावांच्या चकरीला मी ग्रीस लावलं

माणसावर संशय घेणं हे आमच्या घरात माझ्याकडे असलेलं काम आहे. स्वयंपाक आणि पाहुणे मंदाकडे (म्हणजे आमच्या सौभाग्यवतीकडे), गुलाबांची तोडणी आणि पंचवटीत फुलं पोचवणं धाकट्या भावाकडे, आणि संशय माझ्याकडे. हे काम मी इतकं मन लावून केलं की स्नेहलची, माझ्या मुलीची, तीन स्थळं एकट्याने घालवली. एक मुलगा फार हसायचा म्हणून, दुसरा अजिबात हसला नाही म्हणून आणि तिसरा श्रीखंड नको म्हणाला म्हणून. (श्रीखंड नको म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं माझं आजही मत आहे.)

चौथा ओंकार. तो स्नेहलने स्वतः पसंत केलेला. तिने मला पॉलीहाऊसच्या दारात गाठलं.

"पप्पा, या वेळी काही शंका काढली तर मी लग्नच करणार नाही. आणि मी बोलते ते करते."

करते, हे मला माहीत होतं, कारण हट्ट माझ्याकडूनच गेलाय. म्हणून मी ठरवलं, संशय घ्यायचा, पण मनातल्या मनात.

आणि हा गडी पहिल्यांदा मळ्यावर आला तो मासे पकडायची काठी घेऊन! आमच्या शेततळ्यात कटला मासे सोडलेत, हे त्याला स्नेहलने सांगितलेलं. काठीला खाली एक चकचकीत चकरी होती, दोरा गुंडाळायची. गळाला किडा म्हणावा तर तोही खोटा, पिसं बांधून बनवलेला. मुक्या माशालाही फसवतो, मी मनात नोंद केली.

"काका, या रीलची खरी गंमत ब्रेकमध्ये आहे," तो म्हणाला. "आत चकत्या एकमेकींवर घासतात. हे बटण फिरवलं की त्या आवळतात. मासा पळाला की दोरा द्यायचा, पण सहज नाही द्यायचा, जरा अडवत अडवत द्यायचा. फार आवळलं तर दोरा तुटतो. ढिलं सोडलं तर चकरी सुसाट सुटते आणि सगळा गुंता होतो."

"आणि मासा हाती लागल्यावर?"

"सोडून देतो."

"सोडून देता?"

"हो. मजा पकडण्यात आहे ना, काका."

तासभर झटून पकडायचं आणि मजा संपली की सोडून द्यायचं! अशा माणसाच्या हातात पोरगी द्यायची? मी मंदाला स्वयंपाकघरात गाठलं.

"तो मासा सोडून देतो म्हणे."

"मग बरंय की. मला साफ करायला नको."

हिला खोलात शिरायची सवयच नाही.

रविवारी आईवडिलांना घेऊन सुपारी फोडायला येतो, म्हणजे लग्न पक्कं करायला, असं सांगून ओंकार गेला. काठी आमच्याच शेडमध्ये ठेवून गेला. आता संशयी माणसाच्या शेडमध्ये वस्तू ठेवून जाणं ही चूक त्याची की माझी?

मी चकरीतून दोरा ओढून पाहिला. कर्रर्र आवाज, आणि येता येईना. जाम! मला वाटलंच होतं. पोरगा नव्याच्या नावाखाली जुना माल मिरवतोय. पान्याने झाकण उघडलं, तर आतल्या चकत्या ठणठणीत कोरड्या. आमच्याकडे फिरणारी वस्तू कोरडी ठेवणं म्हणजे पाप. पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, झोपाळ्याच्या कड्या, सगळ्यांना माझा हात लागलेला असतो. ज्याला आपली चकरी सांभाळता येत नाही तो संसार काय सांभाळणार, असं म्हणत मी ट्रॅक्टरच्या डब्यातलं बोटभर ग्रीस आत थापलं. चकरी अशी फिरायला लागली की बघत राहावं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

रविवारी दोन्ही घरं शेततळ्याच्या बांधावर जमली. सुपारी ताटात तयार होती. ओंकारच्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आदी आमच्या पोराचा हात बगा, मंग सुपारी फोडू."

ओंकारने दोरा झोकात फेकला. दोन मिनिटांत कटला लागला आणि पळाला. चकरी सुसाट. ओंकार बटण आवळतोय, आवळतोय, चकरी आपली गरगरतेच आहे! चकरीची फिरती मूठ त्याच्या बोटांवर फटाफट बसली, दोऱ्याचं घरटं झालं.

"आरं, ब्रेक लाव की पोरा!" त्याचे वडील ओरडले.

"लावलाय, पप्पा! लागतच नाहीये!"

बोलता बोलता त्याचा पाय तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पडला आणि होणारा जावई धपकन खाली बसला तो घसरत सरळ पाण्यात गेला.

त्या कागदावरून स्वतःहून वर येता येत नाही, म्हणून आम्ही बांधावर दोर आणि ट्यूब ठेवतो. मी दोर फेकला आणि जीव खाऊन ओढायला लागलो. खरं सांगतो, तेव्हा मी फार घाबरलो होतो.

"काका, हळू!" तो पाण्यातून म्हणाला. "फार आवळू नका, दोर जुना आहे!"

निथळत वर आला आणि पहिलं काम काय केलं? चकरी उघडली. काळं ग्रीस बघितलं. मग माझ्या काळ्या नखांकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे ताटातली सुपारी फिरायला लागली.

"माझंच चुकलं," तो सगळ्यांना म्हणाला. "आधी तपासायला पाहिजे होतं."

हा मला का वाचवतोय? मला लगेच संशय आला. पण स्नेहल माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"पप्पा, हात दाखवा."

दाखवले. तिचे डोळे भरून आले, आणि मग मला राहवेना. सगळ्यांसमोर कबूल केलं.

"त्या चकत्या कोरड्याच असाव्या लागतात, काका," ओंकार हळूच म्हणाला. "त्या घासतात म्हणून तर ब्रेक लागतो."

मग व्याह्यांनी ताट पुढे ओढलं. "फोडा सुपारी. पोरगं बुडालं नाय, मासा बी जित्ता हाय, आजून काय पायजे?"

लग्नाला दोन वर्षं झाली. जावई दर रविवारी येतो, श्रीखंड दोनदा मागून घेतो, गुणी पोरगा आहे. फक्त परत निघताना, स्नेहलला मागे बसवण्याआधी, तो खाली वाकून स्कूटरचे दोन्ही ब्रेक तपासतो. स्वभाव जरा संशयी आहे. मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच.