जुनवेईने घेतलेलं नाव

चहा हातात आहे तोवर माझी फजिती ऐकून घ्या. पण घोट आधी गिळा, मग ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

इथे परदेशात, आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत, खालच्या फंक्शन रूममध्ये, मी दर शनिवारी मराठी शिकवतो. पोटापाण्याला तांजोंग पगार भागातली बँक, हा आपला हौसेचा मामला. वर्गात सगळी सात-आठ वर्षांची पोरं, आणि मागच्या बाकावर सहा फुटी चिनी जुनवेई! तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर, साताऱ्याच्या मृण्मयीचा नवरा. लग्नाला सासूबाईंचा विरोध होता. आता त्या पहिल्यांदाच वास्तुशांतीला येणार होत्या. त्यांच्याशी मराठीत चार शब्द बोलता यावेत, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

पण वर्गात लक्ष? नाव नको! मी फळ्यावर कमळ काढतोय आणि हा खिडकीतून स्विमिंग पूल बघतोय. काहीही विचारा, उत्तर एकच, "कॅन, कॅन!" म्हणजे जमेल, जमेल! येत मात्र काडीचं नव्हतं.

शेवटी त्याला हॉकर सेंटरला, इथल्या खाऊगल्लीत, घेऊन गेलो. म्हटलं, "काय रे बाबा, कंटाळतोस का?"

"टीचर, मदर-इन-लॉ वोंट आस्क मी अबाउट कमळ लाह!"

खोटं कशाला बोलू, पटलं मला. सासू जिंकायची तर उखाणाच हवा! मी तिथल्या तिथे रचला:

"तुआसच्या बंदरात जहाजांच्या रांगा,
सुनीताचं नाव घेतो, आणखी काय हवं सांगा!"

सुनीता कुठून आली म्हणता? अहो, "मृण्मयी" त्याच्या जिभेला वळेना. घरी तो तिला मिनू म्हणतो. म्हटलं, सरावापुरतं सोपं नाव घालू, आणि पहिलं सुचलं ते माझ्याच बायकोचं! व्हॉइस नोट पाठवली, वर मास्तरकी केली, "एक अक्षर बदलायचं नाही हं!"

काय मेहनत घेतली हो त्या माणसाने! एमआरटीच्या गाडीत पुटपुटायचा, यार्डात जेवणाच्या सुट्टीत वेल्डर मंडळींना म्हणून दाखवायचा. मला रोज रेकॉर्डिंग यायचं. मी ऐकायचो आणि "जहाजांच्या"मधला ज किती नेमका लागलाय, यावरच खूश व्हायचो. नावाकडे लक्ष कुणाचं!

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. पंगतीत कुणीतरी ओरडलं, "जावईबापू, नाव घ्या!" जुनवेई कुर्ता सावरत उठला, सासूबाईंना हात जोडले आणि खणखणीत आवाजात उखाणा म्हटला. एक अक्षर बदललं नाही.



"ही सुनीता कोण?" सासूबाईंनी विचारलं.

जुनवेईने हसून माझ्याकडे बोट केलं. "टीचर गेव्ह मी!"

आणि माझ्या शेजारी जिलबीचं ताट घेऊन साक्षात सुनीता उभी! त्याला तरी काय माहीत? वर्गातली पोरं तिला काकू म्हणतात आणि मी "अगं".

मी त-त-प-प करत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता या पोराचं काही खरं नाही. पण सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माझ्यासाठी एवढं पाठ केलंत? आता माझ्या लेकीचं घ्या!"

जुनवेई डोळे मिटून म्हणाला, "मृण्मयीचं नाव घेतो..." अगदी स्वच्छ! मला न सांगता ते नावही घोटत होता पठ्ठ्या. सासूबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने जिलबी भरवली. मला इतका अभिमान वाटला त्याचा, की मीच डोळे पुसले.

परत येताना सुनीता भराभर पुढे चालत होती. आता बोलणी खायची, असं धरूनच चाललो होतो.

"अहो," ती म्हणाली, "लग्नात तुम्ही माझं नाव इतकं पुटपुटलात की भटजींना वाटलं मंत्र चुकला. आज चारचौघांत कुणीतरी ते धड घेतलं. शनिवारपासून मागच्या बाकावर तुम्ही बसा, शिकवू दे जुनवेईला!"