तिसऱ्या पाळीनंतर निवडलेली खुर्ची

तिसरी पाळी ज्यानं केली नाही त्याला थकवा म्हणजे काय ते कळलेलं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कुणालाही ऐकवतो. रात्री अकरा ते सकाळी सात. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अशी अकरा वर्षं काढली मी. भत्ता बरा म्हणून मागून घेतली होती, मग कुणी परत घेईना. एकदा तर मी चालता चालता झोपलो आणि प्लँटपासून गेटपर्यंतची सगळी वळणं बरोबर घेत पोचलो. वॉचमननं सलाम ठोकला, मीही उलट ठोकला, असं तो शपथेवर सांगायचा. मला विचाराल तर मी तेव्हा स्वप्नात पिठलं-भाकरी खात होतो.

अशा माणसाच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा एकच तास होता. सकाळी नऊ ते दहा. आठाला बदलापूरच्या घरी यायचं, आंघोळ, चहा, आणि मग कम्प्युटर. नव्वदच्या दशकाची अखेर होती. फोर्टातल्या एका ऑफिसानं टाकून दिलेला, हळद लावल्यासारखा पिवळा पडलेला तो डबा मी ओळखीनं मिळवला होता. त्यात एकच गेम होता, विमान उडवायचा. कुठल्याशा अमेरिकन शहराची धावपट्टी, समोर दहा-बारा गोल घड्याळं आणि त्यांचे काटे. मी रात्रभर कंपनीत काय करायचो? पॅनलसमोर बसून काटेच बघायचो. पण तिथला काटा जागचा हलला की मेमो यायचा. इथले काटे माझ्या बोटावर हलत होते. हा फरक ज्याला कळला त्याला मी त्या तासासाठी जीव का टाकायचो ते कळेल. बाकीच्यांनी मला येडा म्हणावं. म्हणतच होते.

घोडं अडलं ते बुडाखाली. घरात बसायला होती एक घडीची पत्र्याची खुर्ची, कुठल्याशा मंगल कार्यालयाच्या लिलावात आलेली. पाठीवर कार्यालयाचं नाव ठोकून उठवलेलं. तासभर बसलं की ते नाव माझ्या पाठीवर उमटायचं, आणि बायको बाम चोळताना ते उलट्या अक्षरांत वाचून दाखवायची. एक दिवस पाठ अशी धरली की मी कंपनीच्या बसमध्ये काटकोनात चढलो आणि काटकोनातच उतरलो. दोन खाडे पडले.

डॉक्टर म्हणाले, "बैठक सुधारा. नाहीतर बसणं सोडा."

बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची. तिनं पाय न थांबवता फर्मान काढलं, "पाठीपायी अजून एक खाडा पडला ना, तर हा डबा पालेगावला माझ्या भावाकडे. त्याची पोरं तरी काही शिकतील."

"आणि मी काय करायचं सकाळी?"

"झोपायचं. लोक झोपतात."

"आणि खुर्ची घेतली तर?"

मशीन थांबली. तिनं दोरा तोडला, माझ्याकडे नीट बघितलं. "बाराशे. वर एक रुपया नाही."

बाराशेत चांगली खुर्ची म्हणजे उल्हासनगर. तिथल्या फर्निचर बाजारात सिंहासनापासून पाळण्यापर्यंत काहीही मिळतं, आणि नसलं तर चित्र दाखवा, संध्याकाळी घेऊन जा. अडचण एवढीच की आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी शुक्रवारी, आणि त्या ओळीतली दुकानंही नेमकी शुक्रवारी बंद. खाडा करायची तर चोरी. म्हणजे जायचं ते पाळी सुटल्यावर, तसंच, डोळ्यांत रात्र घेऊन. आणि इथंच मी आयुष्यातली मोठी चूक केली. उपाशी माणसानं भाजी चाखून घेऊ नये आणि तिसऱ्या पाळीच्या माणसानं खुर्चीत बसून खुर्ची पारखू नये. पण हे शहाणपण मला कोण सांगणार? बाजार उघडेपर्यंत मी बाहेरच्या ओट्यावर दोन चहा पिऊन ताठ बसून राहिलो.

पहिल्या दुकानात फिरती खुर्ची होती, काळ्या रेक्झिनची. बसलो. "वा," म्हणालो. पुढचं आठवतं ते कुणीतरी खांदा हलवत होतं.

"साईं, कुर्सी चाहिए की कमरा? बीस मिनिट हो गया."

दुसऱ्या दुकानात मी सावध राहिलो. मुद्दाम कडक खुर्ची मागितली, वेताची. कडक तर कडक, तिच्यात मला सिनेमाच्या पडद्याएवढं स्वप्न पडलं. तिसऱ्या दुकानात डायनिंग टेबलच्या लाकडी खुर्चीत. तिथं मी जेवायलाच बसलोय असं वाटून मालकाची सून पाणी घेऊन आली म्हणे. त्या सकाळी मला बाभळीच्या फांदीवर बसवलं असतं तरी मी विचारलं असतं, हिच्यात फोम कुठला घातलाय?

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, झोप येतेच आहे तर झोपेलाच पारखायला लावू. जिच्यात सगळ्यात गाढ लागेल ती आपली. आज हे लिहितानाही मला त्या युक्तीचं कौतुक वाटतं, इतकी ती चुकीची होती.

चौथं दुकान एका म्हाताऱ्या शेटचं होतं. पांढरा पायजमा, कानात अत्तराचा फाया. त्यानं मला उंच पाठीची एक खुर्ची दिली. मानेला उशी, कोपरांना उशी, मेंदी रंगाचं जाड कापड. मी बसलो आणि गेलो. ही झोप साधी नव्हती. गेल्या पाच वर्षांची उधारी एकदम वसूल होत होती. जागा झालो तेव्हा दुकानात मी नव्हतोच. दुकानाबाहेर, फुटपाथवर, खुर्चीसकट होतो. शेटनं पोऱ्यांकडून मला उचलून दारात मांडलं होतं, पुढं पन्नास माणसं जमली होती आणि तो काठीनं माझ्याकडे दाखवून सांगत होता,

"देखो भाई, आधे मिनिट में सो गया! रातभर इसको नींद नहीं आती थी बेचारे को!"

पन्नास जरा जास्त झाली. दहा असतील. पण एका जोडप्यानं माझ्या डोळ्यांदेखत सोफा ठरवला, ही गोष्ट खरी.

मी उठलो, तोंड पुसलं. "शेट, कुर्सी का क्या?"

"अठारासौ."

"बारासौ."

"अरे साईं, कपडा देखो, फोम देखो! बारासौ में तो इसके पैर आएंगे."

"और मेरा कमिशन?"

"कायका कमिशन?"

"सोने का. एक सोफा मैंने बेचा. सोते सोते बेचा."

शेटनं माझ्याकडे बघितलं, त्या जोडप्याकडे बघितलं, आणि असा हसला की अत्तराचा फाया कानातून पडला. "तू सिंधी है क्या रे?"

"नहीं शेट, थका हुआ हूँ."

बाराशेला दिली. वर म्हणाला, रोज सकाळी येऊन तासभर झोपत जा, चहा माझा. मी तेव्हा हसलो होतो. नंतर बऱ्याच सकाळी वाटलं, नोकरी वाईट नव्हती.

खुर्ची टेंपोत चढवली. ड्रायव्हरशेजारी कोळशाची पोती होती, म्हणून मी मागं, खुर्चीतच बसलो. आणि काय होणार होतं ते झालं. टेंपो अंबरनाथहून, आमच्याच कंपनीच्या गेटवरून गेला. पहिल्या पाळीची पोरं टपरीवर चहाला उभी. त्यांनी बघितलं ते असं, की उघड्या टेंपोत, मेंदी रंगाच्या सिंहासनावर, तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून बदलापूरकडे चाललाय. त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत मला कंपनीत कुणी नावानं हाक मारली नाही. महाराज. मेमोवर तेवढं नाव असायचं.

घरी खुर्ची आत आली आणि आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो, एवढीच जागा उरली. बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, कापड चिमटीत धरून बघितलं. "टाके बरे आहेत," म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून विमानात बसलो. इंजिन चालू केलं. ती घरघर सुरू झाली, धावपट्टी समोर लांब पसरली, मी पाठ टेकली.

एक वाजता बायकोनं जेवायला उठवलं.

तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानंही तेच. पाठ बरी झाली, हे कबूल केलं पाहिजे. बाम संपला तो पुन्हा आणला नाही. खाडा एकही पडला नाही, कम्प्युटर पालेगावला गेला नाही. अटी सगळ्या पाळल्या गेल्या आणि माझा तास मात्र गेला. माझं विमान रोज सकाळी अमेरिकेत धावपट्टीवर उभं राहायचं, इंजिन चालू, आणि पायलट बदलापुरात घोरायचा.

मी हरणाऱ्यातला नव्हतो. जिभेखाली लवंग धरली, लवंगेसकट झोपलो. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवून बसलो. सर्दी झाली, तीही झोपेत. मग पाना-स्क्रूड्रायव्हर काढला. मानेची उशी काढली, झोप आली. कोपरांच्या उश्या काढल्या, आली. बैठकीतला अर्धा फोम उपसला. पाठ दुखायची नाही पण डोळा लागायचा नाही, असा एक मधला बिंदू कुठंतरी असणारच, असं माझं ऑपरेटरचं डोकं सांगत होतं. कंपनीत मी प्रेशरचा काटा बरोबर दोन रेघांच्या मध्ये ठेवायचो, अकरा वर्षं. स्वतःचा काही ठेवता आला नाही. हळूहळू मी एकेक उशी परत लावली. हरलो असं म्हणालो नाही, नुसताच पाठ टेकायला लागलो. खरं सांगायचं तर थकव्याला खुर्ची लागत नाही आणि विमानही लागत नाही. तो आपला येतो आणि बसतो.

असे आठ महिने गेले.

एका सकाळी झोपेतच मला जाणवलं की घरघरीचा सूर बदललाय. माझं विमान कायम एका सुरात घरघरायचं, उभं असायचं ना. हा सूर चढलेला होता. मी डोळे किलकिले केले. पडद्यावर धावपट्टी नव्हती. ढग होते. शेजारी पत्र्याच्या घडीच्या खुर्चीत बायको बसली होती, कीबोर्ड वायरीसकट मांडीवर ओढून घेतलेला, चष्मा नाकाच्या टोकाला, सुईत दोरा ओवताना असतो तसा.

"अगं," मी म्हणालो, "काय करतेस?"

"दिसत नाही? हळू बोला, वळतेय."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? तुम्ही घोरत असायचात आणि हे चालू. वीज फुकट जाते म्हणून बंद करायला आले. बंद करायचं बटण शोधता शोधता उडालं."

मी बघत राहिलो. काटे तिच्या बोटांखाली हलत होते, आणि बरे हलत होते. मशीनच्या सुईखाली कापड सरकतं तसा तिचा हात सरकत होता, धक्का नाही. अकरा वर्षांच्या ऑपरेटरला हे कळतं, आवडलं नाही तरी.

"सकाळची कामं?"

"ती करून बसते. एक तास. मग मशीन." मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, उठा बघू. ह्या पत्र्यावर माझी पाठ धरलीय. रात्री वळता येत नाही."

"ही माझ्या मापाची घेतलीय."

"माप कुणी घेतलं? झोपला होतात तुम्ही."

"बाराशे मी—"

"दिवसाचे सात तास मी त्या मशीनसमोर लाकडी स्टुलावर असते. लग्न झाल्यापासून. मी कधी उल्हासनगरला जायचं म्हटलं?"

ती हे रागानं म्हणाली नाही. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून उठलो. ती बसली. कीबोर्ड टेबलावर ठेवला, मानेची उशी जरा खाली ओढली, पाठ टेकली आणि एक लांब श्वास सोडला. लग्नात, आजारपणात, घर घेतलं तेव्हा, कधी तो श्वास मी ऐकला नव्हता.

मी पलंगावर आडवा झालो. आणि काय सांगू, झोप येईना. सकाळी साडेनऊ, मी पलंगावर, टक्क जागा. समोर विमान.

"उतरवता येतं का तुला?" मी विचारलं.

"नाही ना. पेट्रोल संपेपर्यंत फिरवते, मग पडतं. तुम्हाला येतं?"

"मला?" मी उशी दुमडून मान वर केली. "डोळे मिटून उतरवायचो मी."

प्रत्यक्षात आयुष्यात तीन वेळा उतरवलं होतं, त्यातलं एक शेतात.

"मग सांगा."

"वेग कमी कर. अजून. डावीकडचा काटा बघ, त्याला खाली येऊ दे... एकदम नको! आता चाकं काढ."

"काढली."

"धावपट्टी दिसते?"

"लांब आहे. इथून चिखलोली गाव आहे तेवढी."

"मग घाई करू नकोस. सरळ धर. सरळ..."

त्यानंतरचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा ऊन खिडकीतून पलीकडे गेलं होतं, इंजिनाचा आवाज बंद होता आणि पडदा काळा होता. बायको मेंदी रंगाच्या त्या खुर्चीत मागं रेलून चहा पीत होती.

"उतरलं?" मी विचारलं.

"उतरलं की."

"शेतात?"

"शेतात कशाला? धावपट्टीवर. मधोमध. थांबलं, चाकांना धक्का नाही. लोक टाळ्या वाजवत होते."

त्या गेममध्ये लोक नव्हते. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. इतकी वर्षं ह्या घरात थापा मारायचं काम एकट्या माझ्याकडे होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पण तिथं काही वाचता येईना. तिनं चहाचा घोट घेतला.

"माझा?" मी म्हणालो.

"ओट्यावर आहे," ती म्हणाली. "गाळून घ्या. मी आता उठत नाही."