१,०४,७२९ रोपांच्या समान ओळी

"ओळी सगळ्या सारख्या आहेत? रोपं सगळी जगली?" मी विचारलं.

"दोरी धरून लावल्यात, मॅडम," कंत्राटदार म्हणाला. "प्रत्येक ओळीत तेवढीच रोपं. एकही मेलेलं नाही."

"साहेब, एवढं लिहून घ्या," मी अधिकाऱ्यांना म्हणाले.

नाशिकला वनहक्काची सुनावणी चालू होती. असे दावे लढवणाऱ्या संघटनेत मी काम करते. शेजारी हिराबाई बसल्या होत्या. इगतपुरीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर त्या पिढीजात नागली, म्हणजे नाचणी, पेरतात. त्याच उतारावर वृक्षलागवडीचा फलक लागला: एकूण रोपे १,०४,७२९. जंगल उभं असेल तर शेत कुठलं, म्हणून त्यांचा दावा फेटाळायची तयारी झाली होती.

"झाडं नाय तिथं, माझी नागली हाय," हे हिराबाई आधीच्या सुनावणीतही बोलल्या होत्या. कोणी बघायला गेलं नाही.

लागवड मोजायची सोपी रीत असते. एक ओळ मोजायची, मग ओळी मोजायच्या, गुणाकार करायचा. म्हणून सुनावणीच्या आधी मी त्या आकड्याला भाग द्यायला बसले. दोननं जाईना, तीननं नाही, सातनं नाही. भाग जाणारच असेल, तर एक भाजक वर्गमुळाच्या आत सापडतो. म्हणजे ३२३ पर्यंत बघितलं की पुरे. कशानंच गेला नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. इतकी रोपं समान ओळींत बसतच नाहीत. बसवायची तर सगळी एकाच ओळीत.

आमच्या प्रमुख संध्याताई म्हणाल्या, "पत्रक काढू."

"नको," मी म्हणाले. "आधी कंत्राटदाराच्या तोंडून 'समान ओळी' येऊ दे."

"आणि म्हणाला, दोन-चार मेली, तर?"

"तेही आधीच विचारणार."

आता सुनावणीत साहेबांनी कंत्राटदाराला विचारलं, "एका ओळीत किती?"

"तीनशे."

साहेबांनी मोबाइलवर हिशोब केला. "३४९ ओळी झाल्या. वर एकोणतीस रोपं उरली. ती कुठं लावलीत?"

"मग तीनशे एक असतील, साहेब."

"तरी उरतात."

"कितीही धरा, उरणारच," मी म्हणाले आणि मूळ संख्या समजावून सांगितली.

हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "उरलेली माझ्या दारात लाव, बाबा. सावली तरी होईल."

साहेबांनी साइट व्हिजिटचा आदेश दिला. उतारावर फलकाभोवती थोडी सुकलेली रोपं होती. पलीकडे सगळी नागली. दावा मंजूर झाला.

गोल आकडा खोटा वाटतो, म्हणून कंत्राटदारानं बहुधा वाकडातिकडा रंगवला. त्यात एकच रोप कमी असतं, तर २४७ ओळी, प्रत्येकीत ४२४, बिनचूक बसलं असतं. मग माझं तोंड बंद झालं असतं आणि डोळ्यांसमोरचं शेत सरकारदरबारी जंगल ठरलं असतं. हिराबाईंचा शब्द कमी पडला आणि भागाकार पुरला, याचा मला आनंद होत नाही.

आता आम्ही आकडे नंतर तपासतो. आधी अधिकाऱ्याला गाडीत बसवतो.