टाकीमागची बेटं

मिरच्या वाळत घालण्यावरून सरोजताई आणि मंदावहिनींचं वाजलं, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर खडूने मधोमध रेघ मारली. डावीकडची बाजू सरोजताईंची, उजवीकडची मंदावहिनींची. एवढं करून ते समाधानाने चहाला गेले.

मला स्पेन आणि पोर्तुगाल आठवले. पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्या राजांनी अशीच नकाशावर एक रेघ ओढून, न पाहिलेलं जग आपसात वाटून घेतलं होतं. पृथ्वी गोल आहे, तेव्हा रेघ मागच्या बाजूनेही लागेल, हे मात्र राहूनच गेलं. मग एकाची जहाजं पूर्वेकडून, दुसऱ्याची पश्चिमेकडून लवंगांच्या त्याच बेटांवर जाऊन थडकली आणि दोघेही म्हणू लागले, हे आमच्या हद्दीत येतं.

आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही गोल आहे. सेक्रेटरींची रेघ टाकीपाशी संपली होती आणि चांगलं ऊन नेमकं टाकीमागे पडतं. दुपारी दोघी आपापल्या बाजूने टाकीला वळसा घालून, परात घेऊन तिथेच पोचल्या.

"रेघ इथवर आलेलीच नाही," मंदावहिनी म्हणाल्या.

"आली नसली तरी सरळ धरायची असते," सरोजताई म्हणाल्या.

टाकीमागे दोरीवर माझा लेंगा वाळत होता आणि मी शेजारीच उभा होतो. दोघींनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा इथे कुणाला विचारून टाकलात?" दोघींनी एकदमच विचारलं.

बेटावर पिढ्यान्‌पिढ्या लवंगा पिकवणाऱ्या माणसाला जहाजं पाहून काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी लेंगा काढून घेतला. तो अजून ओलाच होता.