दरडीची बाजू

घोड्याच्या टापा ऐकू आल्या की ती डोक्यावरच्या पेटीला एक हात लावायची आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून मला डोंगराकडे ढकलायची. "दरडीला लागा, दादा. खालच्या अंगाला नाय उभं राहायचं."

डोळखांबच्या वरच्या पाड्यांना जाणारी ती जंगलवाट तुमच्यापैकी कोणी चाललं असेल तर आठवेल. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा. लाकडाच्या ठेकेदारांची घोडीही तिथूनच जात. मी तेव्हा देवी टोचणारा होतो, पंचविशीतला. वरच्या पाड्यावरची ती बाई लशीची पेटी घेऊन वाट दाखवत पुढे चालायची, मी मागून.

मला पाहताच आया पोरांना घेऊन रानात पळत. ही हाका मारायची, "अगो, मना टोचलाय, मी मेले का?" आणि दंडावरचा वण दाखवायची. तो वण टोचल्याचा नव्हताच, विळ्याचा होता. निम्मा पाडा मी त्या विळ्याच्या जोरावर टोचला.

तिसऱ्या वर्षी मला तट्टू मिळालं. "आता तुमी सायब झाले," म्हणून ती हसली, आणि मग बजावलं, "वळणाआधी हाळी द्याची हां. पायी चालणाऱ्याला कळाय पायजे."

मी हाळी देत असे. त्या माघात मात्र एक नवा जंगल अंमलदार माझ्यामागून घोड्यावर येत होता. शहरातला, कडक इस्त्रीचा. त्याच्यादेखत गुराख्यासारखं ओरडायची मला लाज वाटली. खिंडीनंतरचा उतार सागाच्या वाळक्या पानांनी भरला होता. मी वळणावर तसाच गेलो.

पोरं गोळा करायला ती आधीच पाड्यावर गेली होती; आता मला सामोरी येत होती. सोबत तिची सून, कडेवर तान्हं. तिने त्या दोघांना दरडीला ढकललं. तिला स्वतःला जागा उरली नाही. तट्टाचा खांदा तिला लागला. तो धक्का मला मांडीत जाणवला. ती दोन माणसांच्या उंचीइतकी खाली कारवीच्या झुडपांत जाऊन अडकली.

मागून आलेल्या अंमलदाराने विचारलं, "काय झालं?"

खालून तीच बोलली, "माझाच पाय सरकला, सायब."

"पानांवरून घसरली," मीही म्हणालो. सून माझ्याकडे बघत राहिली.

घोंगडीत घालून तिला पाड्यावर नेलं. खुबा मोडला होता. कण्हत कण्हत ती म्हणाली, "पोरं गोळा केल्यात. आदी टोचून घ्या." मी टोचली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची आज जास्त लाज वाटते. सून मात्र तान्ह्याला घेऊन घरात गेली ती बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यात माफी मागायला गेलो. तिनेच विचारलं, "तट्टाला लागलं तर नाय?" मी नाही म्हणालो, आणि चोळायच्या तेलाबद्दल बोलून परत आलो. मग माझी बदली मुरबाडला झाली. मला सुटल्यासारखं वाटलं.

वर्षाने कळलं, ती अंथरुणातून उठलीच नाही, त्यातच गेली. तिच्या मुलाला सगळं सांगायचं ठरवून मी पाड्यावर गेलो. त्याने अंगणात घोंगडी अंथरली, पाणी दिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. सासूने सुनेला बोलू दिलं नव्हतं.

"आय जाताना सांगून गेली," तो म्हणाला, "डाक्तर येतील तवा पोराला टोचून घे."

सुनेने पोर आणून माझ्यासमोर ठेवलं. वर पाहिलं नाही. मी टोचलं. पोर किंचाळलं, बाप हसला.

मी उठलो. शब्द अगदी ओठांवर आले होते. तोवर त्याने तट्टाचा लगाम धरला, दुसऱ्या हाताने रिकीब सरळ केली आणि म्हणाला, "बसा."

मी बसलो.