छताला न दिसणारा पलंग

१४ जून. काम एकच: सासूबाईंचा पलंग कुठे ठेवायचा ते ठरवणं.

गुरुग्राममधलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी छतातून आग ओतते, एसी चालू असला तरी. सासूबाईंनी जाहीर केलं होतं, "आजची रात्र बघते. नाहीतर उद्या चालले मी पुण्याला, धाकट्याकडे." तिकीटही काढून ठेवलं होतं. एकदा गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, आणि मला त्या इथे हव्या होत्या. माझ्याशी भांडायला घरात तोलामोलाचं दुसरं होतं कोण?

मी मानेसरच्या कारखान्यात भट्ट्यांची गणितं करते. एका पृष्ठभागाला दुसरा किती 'दिसतो', त्यावर एकाची किती उष्णता दुसऱ्यावर पडते ते ठरतं. त्याला व्ह्यू फॅक्टर म्हणतात. सकाळी लॅपटॉपवर खोली मांडली, पलंग चारी कोपऱ्यांत फिरवून पाहिला. उत्तर चारी ठिकाणी तेच. चौकोनी खोलीत दुसरं काय येणार?

"म्हणजे मी कुठेही सारखीच भाजणार," सासूबाई म्हणाल्या. "वा! शिकलीस हो."

चिडून मी जुनी रीत काढली, दोऱ्यांची. पलंगाच्या दोन कडांपासून छताच्या दोन कडांपर्यंत चार दोऱ्या ताणायच्या, दोन सरळ आणि दोन फुलीसारख्या. फुलीच्या लांबीतून सरळ दोऱ्यांची लांबी वजा केली, की पलंगाला छत किती दिसतं त्याचा अंदाज येतो. हे कागदावर करतात. मला खोलीत करायचं होतं आणि घरात दोरी नव्हती. सासूबाईंच्या परकरांच्या नाड्या होत्या.

"अगं, मग मी साडी कशावर नेसू?"

"आजी, यार, गाऊन घाल ना!" माझी मुलगी शिडीवरून ओरडली.

तीन कोपरे झाले. दाराजवळच्या चौथ्यात नाडी सरळ जाईचना, माळ्याच्या कडेला अडून वाकली. माळा! हिवाळ्यातल्या रजयांनी ठासून भरलेला माळा मी गणितात घेतलाच नव्हता. भट्टीत कुठे माळा असतो? मग फुलीच्या नाड्या वाकल्या, सरळही वाकल्या, आणि दोन्ही बेरजांत फरक उरला जेमतेम वीतभर. म्हणजे रजयांच्या आडोशाने इथे पलंगाला छत जवळजवळ दिसतच नव्हतं. मी शिडीखाली चक्क नाचले.

"रजयांखाली? जूनमध्ये?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "उन्हानं तुझं डोकं फिरलंय."

"आई, दोनच मिनिटं पडून बघा."

माळ्याखालचं कपाट ढकललं, पलंग सरकवला. दिवेलागणीला त्या गाऊन घालून आडव्या झाल्या.

"काही फरक नाही," म्हणाल्या. "मुळीच ना—" आणि घोरू लागल्या.

आम्ही मायलेकी तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळालो. त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, त्यांना न विचारता मी पुण्याचं तिकीट रद्द केलं.